‘याचं तोंड कुठं?’ : पाण्याखालच्या यंत्राच्या पडद्याची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आपल्या भागातल्या एका धरणावर पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण विषय त्या धरणाचा नाही. पिवळी पेटी, शिलाई मशीनपेक्षा थोडी मोठी. चार-सहा पंखे, पुढं काचेच्या घुमटात कॅमेरा, दोन बाजूंना दिवे आणि मागं लांबलचक केबल. केबलचं दुसरं टोक काठावरच्या लॅपटॉपला. लॅपटॉपसमोर विशीतला एक मुलगा, हातात गेम खेळायचा रिमोट. याला आरओव्ही म्हणतात. आत माणूस नसतो, चालवणारा वर कोरडा बसलेला असतो.

आम्ही दहा-बारा जण गोळा झालो होतो. साहेब लोक, त्यांचे कर्मचारी, मी, आणि गावातले एक काका. काका पट्टीचे पोहणारे. जव्हार-मोखाड्यात कुठं कुणी बुडालं की पोलिसांचा पहिला फोन अशाच माणसांना जातो. श्वास रोखून बुडी मारायची, गळ टाकायचा, पायानं चाचपायचं. मोबदला काय, तर चहा आणि पंचनाम्यावर सही.

ऊन असं होतं की लॅपटॉपवर काही दिसेना. एकानं छत्री धरली, दुसऱ्यानं टॉवेल. मग दिसलं ते हिरवं पाणी आणि त्यात उडणारा कचरा. पाच मिनिटं सगळे गप्प बघत होते. मग काकांनी विचारलं, "पोरा, याचं तोंड कुठं आहे आता? भिंतीकडं का गावाकडं?"

मुलगा गडबडला. कोपऱ्यात एक आकडा होता, तो वाचून म्हणाला, "टू फोर्टी आहे काका."

"म्हणजे कुठं?"

साहेब हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की गेली साठ वर्षं या यंत्रांचे पडदे आणि हँडल बनवणारे इंजिनिअर याच प्रश्नाशी झगडतायत. ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे. जेवून निवांत वाचा.

सुरुवात करू १९६६ पासून. १७ जानेवारीला स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकेचं बी-५२ बॉम्बर आणि त्याला हवेत इंधन देणारं विमान एकमेकांवर आदळलं. बॉम्बरमध्ये चार हायड्रोजन बॉम्ब होते. तीन जमिनीवर पडले, एक समुद्रात. अमेरिकन आरमारानं जहाजं, पाणबुड्ये, पाणबुड्या, सगळं आणलं. पण बॉम्ब कुठं पडला हे नेमकं सांगत होता एक स्थानिक मच्छीमार, फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स. त्यानं तो पॅराशूटसकट पडताना बघितला होता आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरून जागा लक्षात ठेवली होती. सुरुवातीला त्याचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी बॉम्ब सापडला तो त्यानं सांगितलेल्याच भागात.

तिथं खोली होती ८७० मीटरच्या आसपास. एवढ्या खाली पाणबुड्या माणूस जाऊ शकत नाही. ‘अल्विन’ नावाच्या छोट्या पाणबुडीनं मार्चमध्ये बॉम्ब शोधला. वर ओढायला गेले तर दोर तुटला, बॉम्ब पुन्हा हरवला, पुन्हा शोधावा लागला. मग ‘कर्व्ह’ नावाचं यंत्र आणलं. चाचणीत वापरलेले टॉर्पेडो समुद्रतळावरून परत आणायला अमेरिकन आरमारानं ते बनवलं होतं. आजच्या सगळ्या आरओव्हींचं ते आजोबा म्हणायला हरकत नाही. केबलवर चालणारं, कॅमेरा, दिवे, सोनार आणि एक पंजा. जहाजावर बसलेला माणूस टीव्हीवर बघून ते हाकायचा.

कर्व्हनं दोन दोर बॉम्बच्या पॅराशूटला अडकवले. तिसरा लावायला गेलं आणि स्वतःच पॅराशूटच्या दोऱ्यांत गुंतलं. आता विचार करा, वर बसलेल्याला काय दिसत असेल? काळ्या-पांढऱ्या पडद्यावर कापड. समोर कापड, बाजूला कापड. मागं काय, ते दिसतच नाही, कारण कॅमेरा पुढं आहे. यंत्राच्या पाठीला डोळा नसतो आणि चालवणाऱ्याच्या पाठीला जो स्पर्श कळतो तो केबलमधून वर येत नाही. आपण अंधारात खोलीतून चालताना कोपर कपाटाला लागलं की वळतो. इथं कोपरच नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी मग धाडस केलं. सोडवत न बसता यंत्र, पॅराशूट, बॉम्ब, सगळं एकत्रच वर खेचलं. ७ एप्रिल १९६६. नशिबानं जमलं.

त्यानंतरचं संशोधन बरंचसं एकाच वाक्यात येतं: वरच्या माणसाला खालचं भान कसं द्यायचं. यातला सगळ्यात गाजलेला कागद १९७८ चा. अमेरिकेतल्या एमआयटीत थॉमस शेरिडन आणि विल्यम वर्प्लँक या दोघांनी आरमाराच्या संशोधन कार्यालयासाठी समुद्राखालची यंत्रं माणसानं किती चालवायची आणि कॉम्प्युटरनं किती, यावर अहवाल लिहिला. त्यात दहा पायऱ्यांची एक शिडी आहे. पहिल्या पायरीवर सगळं माणूस करतो. मधल्या पायरीवर यंत्र सुचवतं आणि माणसानं ‘हो’ म्हटलं तरच करतं. पुढं यंत्र आधी करतं आणि मग सांगतं. दहाव्या पायरीवर यंत्र माणसाला विचारतच नाही. आज बिनड्रायव्हरच्या गाड्यांवर जे वाद चालतात, त्यांत हीच शिडी अजून काढली जाते. तिचा जन्म रस्त्यावर नाही, समुद्राच्या गाळात झालाय, हे मला तरी माहीत नव्हतं.

आता आपल्या जवळची गोष्ट. २३ जून १९८५. एअर इंडियाचं ‘कनिष्क’ मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येत होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटात फुटलं. ३२९ माणसं गेली. अवशेष पडले सुमारे दोन किलोमीटर खोल पाण्यात. स्फोट झाला की विमानच बिघडलं, हे ठरवायला ब्लॅक बॉक्स हवे होते. ते शोधायला आणि काढायला वापरलं गेलं ‘स्कॅरब’. समुद्रतळावरच्या टेलिफोन केबली दुरुस्त करायचं, पुरायचं यंत्र. फ्रान्सच्या केबल टाकणाऱ्या जहाजावरून ते सोडलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही रेकॉर्डर वर आले. ते मुंबईला आणले गेले आणि त्यांचं विश्लेषण तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालं. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या चौकशीत त्याचा उपयोग झाला. म्हणजे आयर्लंडजवळच्या अंधारात कुणीतरी टीव्हीवर बघत पंजा हलवला, आणि त्या पंजात जे आलं ते इथं आपल्यापासून तीन-चार तासांवर उलगडलं.

ब्लॅक बॉक्सनंतरही काम संपलं नाही. पुढचे काही महिने स्कॅरबनं तळावरच्या तुकड्यांचे फोटो आणि व्हिडिओ काढले. कुठला तुकडा कुठं पडलाय याचा नकाशा झाला. इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्या. नुसता फोटो असून चालत नाही. तो कुठल्या जागेचा, किती खोलीवरचा, यंत्राचं तोंड तेव्हा कुठं होतं, हे सोबत नसेल तर त्या फोटोचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही. काकांचा प्रश्न परत आलाच.

आजच्या चांगल्या आरओव्हीचा पडदा बघितला तर चित्राच्या वर आकडे आणि खुणा दिसतात. दिशा, खोली, तळापासूनची उंची, यंत्र किती कललंय. कॅमेरा वर-खाली, डावी-उजवीकडं वळत असेल तर तो किती वळलाय याचीही खूण. ही खूण नसली की फसगत ठरलेली. कॅमेरा डावीकडं वळवून ठेवलाय, चालवणारा ते विसरला आणि रिमोट पुढं ढकलला. त्याला वाटतं समोर चाललोय, यंत्र जातं उजवीकडं आणि आपटतं. आपण बैलगाडीत मागं तोंड करून बसलो आणि बैल हाकायला लागलो तर काय होईल, तसं.

अजून एक आकडा असतो, केबलच्या पिळाचा. यंत्र गोल फिरलं की केबलला पीळ पडतो. उजवीकडं तीन वेळा फिरलं तर डावीकडं तीन वेळा फिरवून तो काढायला लागतो, नाहीतर केबल आखडते, खराब होते, कशात तरी अडकते. चालवणारा खिडकीतला मासा बघण्यात गुंग असतो, पीळ कोण मोजणार? म्हणून पडदाच मोजतो.

हँडलचंही तसंच. मोठ्या आरओव्हीच्या पंज्यासाठी आधी बटणं होती. एक बटण कोपराचं, एक मनगटाचं, एक बोटांचं. एक बोल्ट धरायला घाम फुटायचा. मग कुणीतरी पंज्याची छोटी प्रतिकृती करून चालवणाऱ्याच्या हातात दिली. तुम्ही ती हलवा, खाली पंजा तस्साच हलतो. डोक्यात भाषांतर करायची गरज उरली नाही. आणि ‘ऑटो डेप्थ’, ‘ऑटो हेडिंग’ आलं. खोली आणि दिशा यंत्र स्वतः धरून ठेवतं, माणसाचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. शेरिडनसाहेबांच्या शिडीची ही मधली पायरी.

आमच्याकडच्या लोकांना एक गोष्ट पटकन कळेल. पावसाळ्यात जव्हारच्या घाटात धुकं उतरलं की नवा ड्रायव्हर काय करतो? हाय बीम लावतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. जुना ड्रायव्हर दिवा खाली करतो. गढूळ पाण्यात हेच होतं. कॅमेऱ्याच्या शेजारीच दिवा असेल तर गाळाचे कण चमकतात आणि पडदा पांढरा होतो. म्हणून दिवे कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला लावतात आणि त्यांचा प्रकाश कमी-जास्त करायचं बटण अंगठ्याखाली देतात. ते बटण तीन मेन्यूंच्या आत लपवलं तर समजा दिलंच नाही.

आणि गाळ फारच असेल तर कॅमेरा बंदच समजा. तिथं सोनार. आवाज सोडायचा, परत आलेला ऐकायचा, त्यावरून चित्र बनवायचं. पण सोनारचं चित्र म्हणजे फोटो नव्हे. पंख्यासारखा आकार, त्यात ठिपके आणि सावल्या, आणि सगळं वरून बघितल्यासारखं. शेजारी कॅमेऱ्याचं चित्र समोरून बघितलेलं. चालवणाऱ्यानं दोन्ही डोक्यात जुळवायची. शहरातून आलेल्या शिकाऊ पोरांना हे जड जातं म्हणतात. मला मात्र वाचताना वारली चित्र आठवलं. तारपा नाचाचं वेटोळं आपण वरून बघतो, पण नाचणारी माणसं समोरून काढलेली असतात. एकाच चौकटीत दोन्ही. आपल्या म्हातारीला कुणी सांगायला लागत नाही की हे वरून आहे आणि ते समोरून. (यावर कुणी पीएचडी करणार असेल तर मला चहा पाजा.)

गाळाचं काय ते महाडनं दाखवलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी आणि इतर वाहनातली माणसं गेली. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, सगळे उतरले. सोनार आणलं, क्रेनला भलंमोठं लोहचुंबक लावून नदीत सोडलं. पूर, गढूळ पाणी, जोरदार ओढ. पहिली एसटी सापडली ११ ऑगस्टला, नौदलाच्या पाणबुड्यांना, पुलापासून जवळच. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून होतो. सगळे विचारत होते, एवढी यंत्रं असून एवढे दिवस कसे लागतात? आज कळतं की नुसतं यंत्र पाण्यात सोडून भागत नाही. त्यानं पाठवलेले ठिपके वाचणारा डोळा लागतो, आणि त्या डोळ्याला आजूबाजूची नदी माहीत लागते.

दुसरं उदाहरण मेघालयातलं. १३ डिसेंबर २०१८ ला पूर्व जयंतिया हिल्समधल्या कोळशाच्या बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले. आत उंदराच्या बिळासारखी भोकं, माणसानं सरपटत जायची. १७ जानेवारी २०१९ ला नौदलाच्या पाणबुड्यांना आरओव्हीच्या मदतीनं पहिला मृतदेह दिसला. महिनाभर पाण्यात असलेला देह. यंत्राच्या पंज्यानं धरून ओढायचा होता आणि पंज्याला कळत नाही की आपण किती जोरात धरलंय. डॉक्टरांना सोबत घेऊन, थांबत थांबत काम करावं लागलं. हाताला जोर जाणवेल असं हँडल हा काही लोकांना चोचला वाटतो. त्या पंधरा घरांना विचारा.

मधल्या काळात ही यंत्रं छोटी आणि स्वस्त झाली. कॅलिफोर्नियातल्या ब्लू रोबॉटिक्सनं २०१६ मध्ये लॅपटॉप आणि गेमच्या रिमोटवर चालणारा आरओव्ही बाजारात आणला. आपल्याकडं चेन्नईच्या प्लॅनिस आणि कोच्चीच्या आयरोव्ह या कंपन्या देशी यंत्रं बनवतात. खोल समुद्रासाठी चेन्नईच्याच राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं रोसब ६००० आहे, जे २०१० मध्ये ५२८९ मीटरपर्यंत उतरलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ‘माया’ बनवलं, पण ते केबलशिवाय स्वतःच्या बुद्धीनं फिरणारं.

गेमच्या रिमोटवरून २०२३ मध्ये फार खिल्ली उडाली. टायटॅनिक बघायला गेलेली ‘टायटन’ पाणबुडी फुटली, पाच जण गेले, आणि सगळीकडं फोटो कसला, तर रिमोटचा. पण फुटलं ते तिचं कार्बन फायबरचं कवच. रिमोट वाईट नसतो. आजच्या पोरांचा अंगठा त्यावर बसलेला असतो, शिकवायला वेळ लागत नाही. प्रश्न हा असतो की त्यातलं कुठलं बटण कशाला जोडलंय, आणि चुकून दाबलं तर काय होतं.

हे सगळं मी जव्हार-मोखाड्यात बसून का लिहितोय? कारण आपण पाण्याच्या उशाला राहतो. वैतरणेवर १९५७ चं मोडकसागर. मुंबईचे इंजिनिअर मोडक यांच्या नावाचं. १९७३ चं अप्पर वैतरणा. आणि आपल्याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा. पाणी मुंबईला जातं, एप्रिल-मेमध्ये आपल्या पाड्यावर टँकर येतो, ते रडगाणं आज नको. पण या भिंतींची पाण्यातली बाजू कुणीतरी बघायला लागते. धरण सुरक्षा कायदा २०२१ नं पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी सक्तीची केलीय. पाण्याखालची पाहणी हळूहळू या यंत्रांकडं जाणार, बुडालेल्यांचा शोधही जाणार. उद्या जिल्ह्यात खरेदी निघाली तर कागदावर काय असेल ते आत्ताच सांगतो: किती मीटर खोल जातं, किती मेगापिक्सेल, किती तास चालतं. पडद्याबद्दल एक ओळ नसेल.

ती ओळ आपण मागायला हवी. भर उन्हात दिसणारा पडदा हवा, टॉवेल न धरता. दिशा नुसती अंशात नको. पडद्यावर धरणाची भिंत एका रेषेनं दाखवता येते, ती दाखवा, म्हणजे तोंड भिंतीकडं आहे का गावाकडं हे कुणालाही कळेल. भिंतीवरची भेग मोजायला ठराविक अंतरावरचे दोन लेझर ठिपके हवेत, नाहीतर तडा बोटभर आहे का हातभर हे कॅमेऱ्यावरून कळत नाही. प्रत्येक व्हिडिओवर तारीख, वेळ, खोली आणि दिशा छापलेली हवी. म्हणजे यंदाची भेग आणि पुढल्या वर्षीची भेग शेजारी ठेवून बघता येईल. नाहीतर अहवालात ‘समाधानकारक’ लिहून फाईल बंद. आणि मेन्यू मराठीत हवा. यात अवघड काही नाही, एटीएमला जमलंय.

चालवायला कुणाला बसवायचं, हाही प्रश्न आहे. प्रशिक्षणाला नेहमीप्रमाणे जिल्ह्याच्या ठिकाणचे दोन कर्मचारी जातील, वर्षभरात त्यांची बदली होईल आणि यंत्र कपाटात जाईल. माझं म्हणणं, लॅपटॉपपाशी दोन खुर्च्या ठेवा. एकीवर रिमोट येणारा पोरगा, दुसरीवर काकांसारखा माणूस. कुठं जुनी विहीर बुडालीय, कुठं भोवरा फिरतो, उन्हाळ्यात तळाला कुठं चिखल बसतो, हे त्यांच्या पायाला माहीत आहे. स्पेनच्या त्या मच्छीमारासारखं.

त्या दिवशीचं प्रात्यक्षिक कसं संपलं ते सांगायचं राहिलं. मुलानं यंत्र भिंतीपासून आत नेलं, साहेबांना तळ दाखवायला. धरण झालं तेव्हाची झाडं अजून पाण्यात उभी आहेत. यंत्र एका खोडाभोवती फिरलं, परत फिरलं आणि थांबलं. पंखे घरघरत होते, चित्र जागेवरच. मुलानं केबल ओढून बघितली. ती ताणली पण येईना. अर्धा तास गेला. साहेब मीटिंगला निघून गेले.

शेवटी काकांनी शर्ट काढला. केबल हातात धरून आत गेले, दोन बुड्या मारल्या, तिसऱ्या वेळी वर येऊन ओरडले, "तीन वेढे आहेत. सैल सोड." मग यंत्र बगलेत धरून काठावर आले.

मी मुलाला विचारलं, केबलचे पीळ मोजायची सोय आहे का रे यात? तो म्हणाला, "आहे ना सर, सेटिंगमध्ये. स्क्रीनवर गर्दी होते म्हणून बंद ठेवलीय."